सपाट नकाशा आणि गोल आकाश

शाळेच्या भिंतीवर टांगलेल्या मर्केटर पद्धतीच्या नकाशात ग्रीनलंड जवळजवळ आफ्रिकेएवढे दिसते. वस्तुतः आफ्रिका त्याच्या सुमारे चौदापट आहे. हा दोष नकाशा काढणाऱ्याच्या हाताचा नव्हे. गोल पृष्ठ सपाट कागदावर आणावयाचे, तर अंतर, आकार वा क्षेत्रफळ यांपैकी काहीतरी बिघडणारच. मोसंबीची साल फाटल्यावाचून सपाट होत नाही. ही जुनी अडचण आज विश्वरचनाशास्त्रापुढे नव्या रूपाने उभी आहे, आणि तिच्यापासून घ्यावयाचा बोध त्या शास्त्रापुरता मर्यादित नाही.

आकाश आपल्या चोहोबाजूंस आहे. म्हणून त्याची मोजणी म्हणजे गोलाच्या पृष्ठावर मांडलेले आकडेच होत. पेन्झियास व विल्सन यांनी १९६५ साली जाहीर केलेले, विश्वाच्या बाल्यावस्थेतील प्रारण असेच मोजले जाते. २००९ मध्ये सोडलेल्या युरोपच्या प्लांक उपग्रहाने त्याच्या तापमानातील लाखात एक भाग इतके सूक्ष्म फरक टिपले. ते मांडण्यासाठी ‘हीलपिक्स’ पद्धतीत गोलाचे प्रथम समान क्षेत्रफळाचे बारा तुकडे करतात, मग प्रत्येकाचे चार, पुन्हा त्यांचे चार. असे अकरा वेळा केले की पाच कोटींहून अधिक तुकडे होतात.

छायाचित्रातील चेहरा ओळखणारी न्यूरल नेटवर्कची पद्धत येथे जशीच्या तशी चालत नाही. ती एक लहान चौकट चित्रभर सरकवून ओळखीचे आकार शोधते. सपाट चित्रात प्रत्येक ठिपक्याचे शेजारी एकाच रीतीने बसलेले असतात. गोलावर तशी मांडणी अशक्य आहे. आकाश सपाट करून यंत्रापुढे ठेवले, तर नकाशाने आणलेली विकृती ते निसर्गाचीच मानील. म्हणून २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘डीपस्फिअर’ पद्धतीत स्वित्झर्लंडमधील संशोधकांनी गोलावरील तुकडे शेजाऱ्यांशी जोडलेले एक जाळेच मानले. विश्वातील वस्तुमानाच्या कृत्रिम नकाशांवरून दोन भिन्न प्रतिमाने ओळखण्यात ती, तुलनेस घेतलेल्या सांख्यिकीय पद्धतींहून सरस ठरली.

तथापि, ‘कृत्रिम’ हा शब्द दृष्टीआड होता कामा नये. यंत्रास शिकण्यासाठी असंख्य उदाहरणे लागतात आणि आकाश तर एकच. साहजिकच संगणकाने रचलेल्या विश्वांवर त्यास शिकवावे लागते. ती रचणाऱ्यांची गृहीतकेही ते त्याबरोबरच शिकते. मार्च २०१४ मध्ये दक्षिण ध्रुवावरील ‘बायसेप-२’ दुर्बिणीच्या शास्त्रज्ञांनी आदिकालीन गुरुत्वलहरींची खूण सापडल्याचे घोषित केले. २०१५ मध्ये प्लांकच्या आकड्यांशी ताडून पाहता, ती खूण आपल्या आकाशगंगेतील धुळीमुळे उमटल्याचा खुलासा पुरेसा ठरला. तेथे तर्काची प्रत्येक पायरी माणसास वाचता येत होती. ज्या यंत्राची तर्करीती त्याच्या कर्त्यासही पुरती उलगडत नाही, तेथे अशी ताडणी कितीतरी अधिक आवश्यक आहे.

सुदैवाने प्लांकचे नकाशे आणि हीलपिक्सची प्रणाली सर्वांस विनामूल्य खुली आहेत. जिज्ञासू विद्यार्थी ती स्वतः पडताळू शकतो. हा खुलेपणाच विज्ञानाचे खरे संरक्षण होय. उद्या पिकांचे अंदाज वा परीक्षेचे गुण यंत्रे ठरवू लागली, तर तेथेही हेच दोन प्रश्न विचारावे लागतील: मापनाची पद्धत वस्तूच्या आकारास साजेशी आहे काय? आणि यंत्रास कोणत्या उदाहरणांवर शिकविले? यांची उत्तरे मिळेपर्यंत यंत्राचा निकाल हा अंदाजच समजावा, निर्णय नव्हे.