संशोधनाचा वेग कुणासाठी?

कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे जीवशास्त्रातलं पन्नास-शंभर वर्षांचं संशोधन पाच-दहा वर्षांत होईल, असा दावा या क्षेत्रातल्या कंपन्यांचे प्रमुख करत आहेत. आपले शिकलेले मित्रही तो आनंदाने पुढे पाठवतात. मी विदर्भात सिकलसेलग्रस्त कुटुंबांसोबत काम करते. म्हणून मला एक प्रश्न विचारायचाच आहे: उशीर नेमका कुठे होतो?

दावा पोकळ आहे, असं मी म्हणत नाही. हिमोग्लोबिनची रचना उलगडायला मॅक्स पेरुट्झ यांना बावीस वर्षं लागली. आज अल्फाफोल्ड बहुतेक प्रथिनांच्या रचनेचा अंदाज काही मिनिटांत किंवा तासांत देतं. या कामाला २०२४ चं नोबेलही मिळालं. यंत्राला शत्रू मानणं ही आपली परंपरा नाही. गांधीवादाच्या यंत्रविरोधावर बाबासाहेबांनी कडाडून टीका केली. दोष यंत्राचा नसून समाजरचनेचा आहे, ही त्यांची भूमिका होती.

मग समाजरचनेकडेच बघू. सिकलसेल हा रेणूच्या पातळीवर उमगलेला पहिला आजार. हिमोग्लोबिनमधलं एक अमिनो आम्ल बदलल्याने तो होतो, हे १९५७ पर्यंत सिद्ध झालं होतं. हायड्रॉक्सीयुरियाच्या गोळीला अमेरिकेत १९९८ मध्ये मान्यता मिळाली. गोळी स्वस्त आहे, वेदनेचे झटके कमी करते. तरीही आमच्याकडची आई मजुरी बुडवून, एसटीचं भाडं खर्चून दवाखान्यात जाते आणि ऐकते, ‘स्टॉक संपला, पुढच्या आठवड्यात या.’ पोरगं रात्रभर हाडांच्या दुखण्याने तळमळतं. इथे कोणता शोध लागायचा बाकी आहे?

२०२३ मध्ये जनुक-संपादनावर आधारित कॅसजेव्ही हा उपचारही आला. अमेरिकेतली किंमत तेव्हा होती २२ लाख डॉलर, म्हणजे तेव्हाचे सुमारे १८ कोटी रुपये! शोध लागला, पण आमच्या वस्तीपासून तो आणखी दूर गेला.

‘आधी शोध लागू द्या, वाटपाचं नंतर बघू,’ असं काही जण म्हणतील. बौद्ध, गोंड, माडिया, परधान वस्त्या हे ‘नंतर’ कधीपासून ऐकत आहेत. प्रयोगशाळा आणि वस्ती यांच्यातलं अंतर जात आणि वर्ग ठरवतात. कोणताही संगणक ते आपोआप कमी करणार नाही.

दुसरी गोष्ट. यंत्र दिलेल्या माहितीवरच शिकतं, आणि जगातली जनुकीय माहिती प्रामुख्याने युरोपीय वंशाच्या लोकांची आहे. ज्यांचं रक्त नोंदवलंच नाही, त्यांच्या आजाराची उत्तरं यंत्र कुठून देणार?

तिसरी गोष्ट. अल्फाफोल्ड शिकलं ते १९७१ पासून जगभरच्या शास्त्रज्ञांनी जमवलेल्या, सर्वांना खुल्या असलेल्या प्रथिन-संग्रहावर. त्यातला बराच खर्च जनतेच्या पैशातून झाला. सार्वजनिक ज्ञानावर उभ्या राहिलेल्या औषधाची किंमत मात्र खासगी का?

म्हणून मागण्या स्पष्ट हव्यात. आमच्या आजारांवर संशोधन व्हावं. आमची माहिती संमतीनेच घ्यावी आणि तिचा लाभ आम्हाला मिळावा. सरकारी पैशाचा, सरकारी माहितीचा आधार असलेल्या औषधांच्या किमतीवर सरकारचं नियंत्रण असावं. आमची मुलं या प्रयोगशाळांत संशोधक म्हणून बसावीत, फक्त नमुना म्हणून नव्हे. आणि उद्या सकाळपासून प्राथमिक आरोग्य केंद्रात ती गोळी असावी.

दुःखाचं कारण कळलं म्हणून दुःख संपत नाही, त्यासाठी मार्ग चालावा लागतो. यंत्र कारण लवकर शोधेल. मार्ग आपल्यालाच लढून मोकळा करावा लागेल.

जय भीम!