एका शब्दाचीं तीन कुळें

इंग्रजी भाषेस धरबंध नाहीं, तिचे शब्द मनाला येईल तसे अर्थ धारण करितात, सबब ते घोकण्यावांचून गत्यंतर नाहीं, अशी समजूत आमच्या विद्यार्थ्यांची आणि त्यांहूनही अधिक त्यांच्या पालकांची आहे. ही समजूत आम्हांस मान्य नाहीं. ती खोटी आहे एवढेंच नव्हे, तर तिच्यामुळें मुलांचें नुकसान होतें. कारण जें विनाकारण घडलें असें मानिलें, त्याचें कारण शोधावयास कोण जातो? घोकंपट्टी चालते, परीक्षा संपते आणि तिच्याबरोबर शब्दही संपतात. आमच्या म्हणण्यास पुरावा म्हणून येथें एकच शब्द घेतों. तो लहान आहे, नित्याच्या व्यवहारांतला आहे, आणि आमच्या जुहूच्या इतिहासांत त्यास मानाची जागा आहे. तो शब्द ‘मेल’.

पुरुषवाचक ‘मेल’ शब्द उच्चारानें तसाच असला तरी त्याचीं अक्षरें निराळीं; तो लॅटिन भाषेच्या वाटेनें आला. त्यास आम्ही तूर्त बाजूस ठेवितों. एम, ए, आय, एल या चार अक्षरांनीं लिहिला जाणारा जो ‘मेल’, त्याचे अर्थ इंग्रजी कोशांत पाहिले तर पहिला अर्थ टपाल, दुसरा अर्थ कड्यांचें चिलखत, आणि तिसरा ‘ब्लॅकमेल’ या जोडशब्दाच्या उत्तरार्धांत दडून बसलेला. पत्र, चिलखत आणि धमकी! यांचा परस्परांशीं संबंध काय? चलाख विद्यार्थी लगेच संबंध जोडून दाखवितो. ब्लॅकमेल म्हणजे काळें पत्र, धमकीची चिठ्ठी. आणि चिलखत घालून स्वार टपाल नेत असतील, म्हणून तेंही मेल. कल्पना गोड आहे. ती खरी मात्र नाहीं.

प्रथम टपालाचें पाहूं. ता. १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं सकाळीं कराचीच्या द्रिघ रोड विमानतळावरून एक लहानसें ‘पुस मॉथ’ विमान निघालें. तें चालविणारे जहांगीर रतनजी दादाभाई टाटा. लंडनहून इंपीरियल एअरवेजच्या विमानानें कराचीस आलेल्या पत्रांपैकीं सुमारें ५५ पौंड, म्हणजे २५ किलो, पत्रें त्यांच्याजवळ होतीं. वाटेंत अहमदाबादेस विमान थांबलें. तेथें त्यास लागणारें पेट्रोल बैलगाडींतून डबे भरून आणिलें होतें. दुपारीं दोनाच्या सुमारास विमान जुहूच्या मैदानावर उतरलें, आणि तेथून पुढें नेव्हिल व्हिन्सेंट या वैमानिकानें बेल्लारीवरून मद्रासेपर्यंत पत्रें पोंचविलीं. ‘टाटा एअर मेल’चा हा प्रारंभ होय, याच रोपट्याचें पुढें १९४६ सालीं ‘एअर इंडिया’ झालें. हवेंतून पत्रें नेण्याचा प्रयोग आपल्या देशांत त्यापूर्वींही झाला होता. १८ फेब्रुवारी १९११ रोजीं हेन्री पेके या फ्रेंच वैमानिकानें अलाहाबादेहून यमुनेपलीकडे नैनीपर्यंत सुमारें साडेसहा हजार पत्रें नेलीं होतीं. परंतु तो प्रदर्शनांतला प्रयोग. नेमानें चालणारी सेवा सुरू झाली ती कराची ते जुहू याच मार्गानें.

जुहूचें हें मैदान १९२८ सालीं विमानांसाठीं खुलें झालें, आणि देशांतील पहिलें नागरी विमानतळ म्हणून त्याचें नांव घेतात. त्या काळीं तें चिखलवट मैदानच होतें. पावसाळ्यांत तेथें पाणी भरे, आणि विमानें, वैमानिक व कारागीर असें सारें बिऱ्हाड पुण्यास हलवावें लागे. पुढें मोठ्या विमानांनीं सांताक्रूझचा रस्ता धरिला. जुहूस आज मुख्यत्वें हेलिकॉप्टरें उडतात. तरी टाटा स्वतः त्या मैदानास विसरले नाहींत. पहिल्या उड्डाणास पन्नास वर्षें झालीं तेव्हां, १९८२ सालीं, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीं ते पुनः कराचीहून एकटे उडत आले आणि जुहूसच उतरले.

आतां त्या विमानांत जें होतें, त्यास ‘मेल’ कां म्हणावें? उत्तर सोपें आहे: कारण तें थैलींत होतें. जुन्या फ्रेंच भाषेंत ‘माल’ म्हणजे प्रवासाची थैली, पडशी. तो शब्द फ्रेंचांनीं जर्मन कुळांतील भाषेपासून घेतला, आणि इंग्रजांनीं फ्रेंचांपासून. कित्येक शतकें इंग्रजींत ‘मेल’ म्हणजे नुसती पिशवी, मग तींत कपडे असोत कीं भाकरी असो. सतराव्या शतकांत ‘पत्रांची मेल’, म्हणजे पत्रांची थैली, असा प्रयोग रूढ झाला. पुढें ‘पत्रांची’ हा शब्द गळाला, आणि थैलीच्या नांवानें आंतला ऐवज ओळखला जाऊं लागला. मग ती थैली जें जें वाहन नेई, त्यास त्यास तेंच नांव चिकटलें. २ ऑगस्ट १७८४ रोजीं ब्रिस्टलहून लंडनकडे टपालाची पहिली घोडागाडी निघाली, ती मेल. बोटींनीं मुंबईच्या बॅलार्ड पिअरवर आणिलेलीं विलायतचीं पत्रें उत्तरेस नेण्यासाठीं आगगाड्या धांवूं लागल्या, त्याही मेल. १ सप्टेंबर १९२८ पासून पेशावरकडे जाऊं लागलेली ‘फ्रंटियर मेल’ आमच्या उपनगरांतूनच जात असे. १९९६ पासून तिचें नांव ‘गोल्डन टेंपल मेल’ आहे. आज विजेच्या तारेवरून व तारेवांचून पत्र जातें, थैली कोठेंच नाहीं, तरीही तें ‘मेल’च. आपल्या मराठीनें या शब्दास लिंगही वाहन पाहून दिलें, हें कोणाच्या लक्षांत आलें आहे काय? ‘मेल आली’ म्हटलें कीं गाडी समजावी, आणि ‘मेल आला’ असें जें पुष्कळांच्या तोंडीं असतें, तेथें पत्र समजावें.

जातां जातां एक गंमत सांगतों. इंग्लंडांतील संस्थेचें नांव ‘रॉयल मेल’, पण तेथील लोक तिनें आणिलेल्या पत्रांस ‘पोस्ट’ म्हणतात; अमेरिकेंत संस्थेचें नांव ‘पोस्टल सर्व्हिस’, आणि ती वांटते ती ‘मेल’. उभयतांनीं एकमेकांशीं अदलाबदल करून घेतली असती तर बरें झालें असतें.

थैलीचें पत्र होणें ही केवळ इंग्रजांची तऱ्हा आहे, असें मात्र कोणीं समजूं नये. आपल्याकडे ‘खलिता’ हा शब्द आहे. राजेरजवाड्यांचीं पत्रें किनखाबाच्या किंवा रेशमाच्या थैलींत घालून, मोहोर करून पाठवीत. त्या थैलीस अरबींत ‘खरीता’ म्हणतात. आपल्या तोंडीं त्याचा खलिता झाला. पुढें थैली राहिली बाजूस, आणि आंतल्या पत्रासच खलिता म्हणूं लागले. ‘अमक्याचा खलिता आला’ असें वाचतांना आज कोणाच्याही डोळ्यांपुढें पिशवी येत नाहीं. इंग्रजांच्या ‘मेल’नें जी वाट चालली तीच वाट आपल्या खलित्यानें चालली, एकानें दुसऱ्यास विचारिलें नव्हतें. ‘बजेट’ शब्दाचीही हीच कथा. जुन्या फ्रेंचांत ‘बूजेत’ म्हणजे चामड्याची लहान थैली. खजिन्याचे कागद त्या थैलींतून निघत, म्हणून कागदच बजेट झाले. आपल्या अर्थमंत्र्यांनीं २०१९ सालीं चामडी पेटी टाकून तांबड्या कापडाचा बस्ता हातीं घेतला, आणि २०२१ सालीं त्यांत कागदांऐवजीं संगणकाची पाटी आली. थैली बदलली, थैलीचें नांव राहिलें.

चिलखताचा ‘मेल’ मात्र अगदीं निराळ्या घरचा. लॅटिन भाषेंत ‘माकुला’ या शब्दाचे दोन अर्थ: एक डाग, दुसरा जाळ्याचें भोंक. जाळें दुरून पाहिलें तर त्याचीं भोंकें ठिपक्यांसारखीं दिसतात; आमच्या जुहूच्या कोळीवाड्यांत वाळत घातलेलीं जाळीं ज्यांनीं पाहिलीं आहेत त्यांस हें निराळें सांगावयास नको. या माकुलाचा फ्रेंचांत ‘माय’ झाला, इंग्रजींत ‘मेल’ झाला, आणि लोखंडी कड्या एकमेकींत गुंतवून केलेल्या जाळीदार अंगरख्यास तें नांव पडलें. प्रतापगडाच्या भेटीस, १६५९ सालीं, शिवाजीमहाराजांनीं अंगरख्याखालीं चिलखत घातलें होतें, हें आमच्या लहान मुलांसही ठाऊक आहे. ‘इमॅक्युलेट’ म्हणजे निष्कलंक, हा शब्दही त्याच माकुलाचा वंशज. योद्ध्याचें चिलखत आणि निष्कलंकपणा हे सख्खे नातलग, आणि शेजारच्या ओळींत छापलेलें टपाल मात्र परकें!

राहिला ब्लॅकमेल. येथें आम्ही अंमळ थांबणार आहों, कारण हा शब्द आज मुलांच्या कानांवर फार येतो. स्कॉटलंडच्या बोलींत ‘मेल’ म्हणजे जमिनीचा खंड. तो शब्द उत्तरेच्या नॉर्स भाषेंतून आला. तेथें ‘माल’ म्हणजे बोलणें, करार. सोळाव्या शतकांत इंग्लंड व स्कॉटलंड यांच्या सरहद्दीवर लुटारूंच्या टोळ्या शेतकऱ्यांस म्हणत, आम्हांस दरसाल इतकें द्या, म्हणजे तुमच्या गुरांस कोणी हात लावणार नाहीं. हात लावणारे अर्थात् तेच! धन्यास द्यावयाचा तो साधा मेल, आणि या टोळ्यांस द्यावयाचा तो काळा मेल. रॉब रॉय या नांवानें प्रसिद्ध असलेला स्कॉटिश पुढारी अठराव्या शतकांतही अशी वसुली करीत असे. त्यांत पत्राचा कोठेंच संबंध नव्हता.

आणि येथेंही मराठी शब्द हात जोडून उभा आहे. कुळानें जमिनीबद्दल द्यावयाची ठरीव रक्कम तो खंड. ‘खंडकरी शेतकरी’ हा शब्द आजही वर्तमानपत्रांत येतो. त्याच खंडापासून खंडणी. एके काळीं खंडणी म्हणजे मांडलिकानें वरिष्ठ सत्तेस द्यावयाचा कर, उघड दरबारांत मोजलेला. आज खंडणी म्हटली कीं पोलीस ठाणें आठवतें, आणि २०२३ सालच्या भारतीय न्याय संहितेच्या ३०८ व्या कलमांत ज्या अपराधाची व्याख्या आहे, त्यास लोक याच नांवानें ओळखतात. स्कॉटलंडचा मेल आणि आपली खंडणी, दोघेही शेताच्या बांधावरून निघाले आणि आरोपीच्या पिंजऱ्यांत पोंचले.

मुलांनीं व त्यांच्या आईबापांनीं या व्युत्पत्तींतली एक गोष्ट नीट पाहावी, असें आम्हांस वाटतें. तो काळा मेल दरसाल द्यावा लागे. एकदां देऊन सुटका झाली, असें त्या शेतकऱ्यांचें कधींच झालें नाहीं. ज्यानें दिलें त्याच्या दारीं टोळी पुढल्या वर्षीं पुनः उभी, कारण येथें मिळतें हें तिला कळलेलें असे. आज एखाद्या मुलाचें वा मुलीचें छायाचित्र किंवा खाजगी संभाषण हातीं लागलें म्हणून कोणी फोनवरून पैसे मागतो, किंवा आणखी छायाचित्रें मागतो. मूल भितें आणि गुपचूप देतें. घरीं सांगितलें तर मारच बसेल, ही भीति त्या परक्या माणसाच्या भीतीहून मोठी असते. तो माणूस नेमका याच भीतीवर जगतो. म्हणून पालकांस आमची विनंती आहे कीं, मुलानें असें कांहीं सांगितलें तर पहिला प्रश्न ‘तूं असें केलेंसच कां’ हा नसावा. आधीं जवळ घ्यावें, आलेला मजकूर पुसूं न देतां तसाच ठेवावा, आणि पोलिसांकडे जावें. एक पैसाही देऊं नये.

असो. आतां कोणी म्हणेल, नॉर्स भाषेंतला करारवाचक ‘माल’ आणि आपला ‘मेळ’ हे एकच नसतील कशावरून? मेळ म्हणजेही जुळणें, एकमत होणें! ते एक नाहींत. आपला मेळ संस्कृत ‘मिल्’ धातूपासून निघाला. दोहोंचें साम्य कानापुरतें आहे. नुसत्या कानावर विसंबणारा व्युत्पत्ति सांगत नाहीं, गोष्ट रचतो. कोश उघडून पाहणें हाच यावर उपाय आहे, आणि घरांत महागडा फोन असतांना कोश नाहीं, ही सबब आतां चालण्यासारखी नाहीं. ऑक्सफर्डचा थोरला इंग्रजी कोश १८८४ पासून खंडशः निघत निघत १९२८ सालीं पुरा झाला, म्हणजे जुहूचें मैदान खुलें झालें त्याच वर्षीं. मराठीसाठीं मोल्सवर्थसाहेबांचा १८५७ सालचा कोश आज घरबसल्या फुकट पाहतां येतो, आणि कृ. पां. कुलकर्णी यांचा ‘मराठी व्युत्पत्ति कोश’ १९४६ सालापासून ग्रंथालयांत आहे. भाषेचा असा नाद व्यवहारास निरुपयोगी, असें ज्यांस वाटतें त्यांनीं आपला पत्ता लिहितांना शेवटचे सहा आंकडे पाहावे. ४०००४९ हा जुहूचा पिन कोड ज्या योजनेंतला आहे, ती १५ ऑगस्ट १९७२ पासून अमलांत आली; आणि ती सिद्ध करणारे टपालखात्यांतील अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर हे संस्कृतचे पंडित व कवि होते.

पुढच्या अंकासाठीं वरच्या वर्गांतील कोणीं तरी ‘पोस्ट’ हा शब्द घ्यावा, असें आम्ही सुचवितों. रस्त्यावरचा खांब पोस्ट, शिपायाची चौकी पोस्ट, कारकुनाची जागा पोस्ट, पत्र पोस्ट, आणि ‘पोस्टमॉर्टेम’मध्येंही पोस्ट. यांतले सख्खे भाऊ कोणते आणि नुसते नांवाचे भाऊ कोणते, तें कोश पाहून लिहावें. लेख दोन पानांहून मोठा नसावा.