मुलांस शेजार दाखविताना : ब्रह्मदेश

मुलांस परदेशाची ओळख करून द्यावयाची म्हटले की आपल्या घरांत आधी लंडन येते, मागोमाग न्यूयॉर्क आणि टोकियो. सातवीतल्या मुलास आयफेल मनोरा चित्रावरून ओळखता येतो; पण आपल्या चार राज्यांना ज्याची सीमा भिडली आहे तो ब्रह्मदेश नकाशावर दाखव म्हटले, तर त्याचे बोट थायलंड-व्हिएतनामपर्यंत भटकून येते. दोष मुलाचा नाही. शाळेच्या पुस्तकात शेजारी देशाच्या वाट्यास एखादा परिच्छेद येतो, आणि घरी तो विषय निघत नाही. म्हणून या खेपेस ब्रह्मदेशाविषयी लिहावयाचे योजिले आहे. १९८९ पासून त्या देशाचे अधिकृत नाव म्यानमार आणि रंगूनचे नाव यांगोन झाले आहे. मुलांना ती नावे शिकवावीतच. परंतु आपल्या आजोबा-पणजोबांच्या तोंडी ब्रह्मदेश आणि रंगून हीच नावे होती, आणि येथे बरीचशी हकीकत त्यांच्याच काळातली असल्यामुळे तीच ठेवीत आहोत.

प्रारंभ कोठून करावा? आमचे मत असे की कोलकात्यापासून करावा. सुटीच्या दिवसांत महाराष्ट्रातून पुष्कळ कुटुंबे तिकडे जातात, हाजरा रस्त्यावरील महाराष्ट्र निवासात उतरतात, दक्षिणेश्वर, बेलूर मठ आणि व्हिक्टोरिया स्मारक पाहून परततात. या यादीत एडन उद्यानाची भर घालावी. क्रिकेटचे प्रसिद्ध मैदान नव्हे. त्याला लागूनच जुनी बाग आहे. गव्हर्नर जनरल लॉर्ड ऑकलंड यांच्या भगिनींचे आडनाव एडन, त्यावरून तिला हे नाव पडले. त्या बागेत पाण्याच्या काठी एक लाकडी मंदिर उभे आहे. छपरावर छप्पर, वर जावे तसे लहान होत गेलेले, आणि कडांना कोरीव नक्षी. बंगालच्या देवळांसारखे ते नाही, आणि आपल्या हेमाडपंती देवळांसारखे तर नाहीच. ही वस्तू मूळची येथली नव्हे, हे मुलांना सांगावे लागत नाही.

आमच्या परिचयाचे एक गृहस्थ आपल्या दहा वर्षांच्या मुलीस घेऊन तेथे गेले होते. मुलीने विचारले, “बाबा, हे ब्रह्मदेशातल्या लोकांनी आपल्याला भेट दिलं का?” उन्हाची वेळ, पाय दुखत होते, गृहस्थ म्हणाले, “हो, भेटच म्हणायची.” घरी परतल्यावर मात्र त्यांना ते उत्तर सलू लागले, आणि मुलीला खरे काय सांगावे असे त्यांनी आम्हांस विचारले. हा लेख त्या प्रश्नातून निघाला आहे.

कारण ते मंदिर भेट म्हणून आलेले नाही. ते इरावती नदीवरील प्रोम गावचे. तेथील सुभेदाराच्या पत्नीने, मा किन हिने, ते १८५२ च्या सुमारास बांधविले असे सांगतात. त्याच वर्षी इंग्रज आणि ब्रह्मी यांचे दुसरे युद्ध झाले. रंगूनच्या अधिकाऱ्याने दोन इंग्रज जहाजांच्या कप्तानांस दंड केला, एवढे निमित्त त्यास पुरले. युद्धाअखेर लॉर्ड डलहौसी याने दक्षिण ब्रह्मदेशाचा उरलेला भाग कंपनीच्या राज्यास जोडला. आपल्याकडे सातारा आणि नागपूर खालसा करणारा डलहौसी तो हाच. मुलांना हे सांगितले की नाव लक्षात राहते. मंदिर त्याच्या नजरेस पडले, आवडले, आणि खांब-तुळया सुट्या करून १८५४ साली ते जहाजातून कलकत्त्यास आणले गेले. १८५६ साली ते एडन उद्यानात पुन्हा उभे राहिले.

आता मुलगी विचारील, की लढाई तर इंग्रजांनी केली, मग आपला त्यात काय संबंध? येथेच पालकांची खरी परीक्षा आहे. संबंध आहे, कारण ब्रह्मदेशावर गेलेल्या फौजेत बहुसंख्य शिपाई हिंदी होते आणि मोहिमांची सूत्रे कलकत्त्याहून हलत होती. १८२४ ते १८२६ च्या पहिल्या युद्धात इरावतीवर जी ‘डायना’ नावाची आगबोट लढली, ती कलकत्त्याच्या खिदिरपूर गोदीत १८२३ साली बांधलेली होती. वाफेची बोट लढाईत वापरण्याचे ते जगातील अगदी पहिल्या प्रसंगांपैकी एक. त्या युद्धात इंग्रजांच्या बाजूची सुमारे १५ हजार माणसे मेली, बहुतेक तापाने आणि हगवणीने. त्यांत आपल्या शिपायांची संख्या मोठी होती.

मात्र सगळेच शिपाई मुकाट्याने गेले असे नाही. कोलकात्याच्या उत्तरेस बराकपूर आहे. १८२४ च्या नोव्हेंबरात तेथील ४७ व्या पलटणीने ब्रह्मदेशाकडे कूच करण्याचे नाकारले. सामान वाहावयास बैल मिळेनात, आणि समुद्र ओलांडावा लागेल ही धास्ती होती. गाऱ्हाणे ऐकून घेण्याऐवजी सरकारने त्यांच्यावर तोफा चालविल्या. त्यांचा पुढारी बिंदी तिवारी यास फाशी दिले. बराकपुरात बिंदाबाबांचे लहानसे देऊळ आहे, ते त्याच्याच स्मरणाचे. मंगल पांडे यांचे नाव मुलांना पाठ असते. त्याच छावणीत तेहतीस वर्षे आधी हे घडले होते, हे मात्र त्यांच्या कानावर पडत नाही.

इतके झाल्यावर नकाशा काढावा, आधी नव्हे. गोष्टीतले प्रोम कोठे आहे हे शोधावयाचे असले म्हणजे मूल नकाशाकडे वेगळ्या डोळ्यांनी पाहते. एक दोरा घ्या आणि त्याचे टोक कोलकात्यावर धरा. मुंबई सरळ रेषेत सुमारे १,६५० किलोमीटर भरेल, दिल्ली सुमारे १,३००, आणि रंगून हजाराच्या थोडे वर. बंगाल्यास दिल्लीहून रंगून जवळचे आहे! आमची खात्री आहे की हा एक दोरा पुस्तकातल्या दोन पानांचे काम करील. मग सीमेवरून बोट फिरवावे : अरुणाचल, नागालँड, मणिपूर, मिझोराम, एकंदर १,६४३ किलोमीटर.

देशाची रचना समजावण्यास आपला सह्याद्री उपयोगी पडतो. ब्रह्मदेशाच्या पश्चिम किनाऱ्याशी समांतर आराकान योमा ही डोंगराची रांग आहे. नैऋत्येचा पाऊस तिच्यावर आदळतो, आणि किनाऱ्यावरील अक्याब येथे, ज्यास आता सित्वे म्हणतात, वर्षाला ४ हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. रांगेच्या पाठीमागे मंडालेस मात्र तो हजारालाही पोचत नाही. कोकणात धो धो आणि माणदेशात दुष्काळ, हे ज्या मुलाने पाहिले आहे त्याला दुसरे काही सांगावयास नको. या कोरड्या मधल्या खोऱ्यातून सुमारे २,२०० किलोमीटरची इरावती उत्तरेकडून दक्षिणेकडे वाहते. तिच्याच काठी पगान आहे, जेथे अकराव्या ते तेराव्या शतकांत राजांनी आणि प्रजेने बांधलेली दोन हजारांहून अधिक देवळे आणि स्तूप आजही उभे आहेत. समुद्राशी नदीचे फाटे फुटतात, तो भाताचा मुलूख. पूर्वेस शानांचे पठार, आणि डोंगरांत ब्रह्मदेशच्या सागाची जंगले. आपल्या घरात आजीच्या वेळचे ‘बर्माटीक’चे कपाट असेल, तर मुलांना त्यावर हात फिरवू द्यावा.

सागावरूनच तिसरे युद्ध पेटले. मुंबईत १८६३ साली स्थापन झालेल्या बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशनने ओंडके कमी दाखवून नेले असा ठपका ठेवून राजा थिबाच्या दरबाराने तिला जबर दंड केला. इंग्रजांना कारण हवेच होते. १८८५ च्या नोव्हेंबरात मंडाले पडले आणि १ जानेवारी १८८६ रोजी उरलेला ब्रह्मदेशही हिंदुस्थानच्या राज्यास जोडला गेला. थिबाला आधी मद्रासला, नंतर आपल्या रत्नागिरीस आणून ठेवले. तेव्हा तो सत्तावीस वर्षांचा होता. ज्या राजवाड्यास आज आपण सहलीला जातो, तो पुरा झाला १९१० साली. त्यात सहाच वर्षे राहून १९१६ च्या डिसेंबरात तो रत्नागिरीतच वारला. मंडालेच्या कोरड्या उन्हात वाढलेल्या माणसाने कोकणचे तीस पावसाळे काढले.

आणि याच काळात उलट बाजूचा प्रवास झाला. रत्नागिरीत १८५६ साली जन्मलेल्या लोकमान्य टिळकांना १९०८ साली मंडालेच्या तुरुंगात धाडण्यात आले; ‘गीतारहस्य’ त्यांनी तेथेच लिहिले, आणि १९१४ साली ते सुटले. म्हणजे सहा वर्षे मंडालेचा राजा रत्नागिरीत आणि रत्नागिरीचा पुत्र मंडालेत, दोघेही एकाच सरकारचे बंदी! पुढे १९२५ साली सुभाषचंद्र बोस यांनाही त्याच मंडालेच्या तुरुंगात ठेवले. ते त्यापूर्वी कलकत्ता महापालिकेचे मुख्य अधिकारी होते. लोकमान्य ज्या लाकडी फळ्यांच्या कोठडीत राहिले ती पाहून त्यांनी आदराने लिहिले आहे. याच्याही आधी, १८५८ साली, दिल्लीचा शेवटचा बादशहा बहादूरशहा जफर यास रंगूनला पाठविले होते. तो १८६२ साली तेथेच वारला, आणि त्याची कबर तेथे आहे.

बंद्यांच्या मागोमाग, आणि कितीतरी मोठ्या संख्येने, पोटासाठी जाणारी माणसे गेली. कारकून, हमाल, दुकानदार, सावकार. बंगाली कादंबरीकार शरच्चंद्र चट्टोपाध्याय, ज्यांना मामा वरेरकरांनी मराठी घराघरांत पोचविले, ते १९०३ पासून १९१६ पर्यंत रंगूनात नोकरीस होते. १९३१ च्या शिरगणतीत रंगूनची निम्म्याहून अधिक वस्ती हिंदी निघाली. या गोष्टी आपण अभिमानाने सांगतो. पण त्याच दशकातील मंदीत कर्ज न फिटल्यामुळे दक्षिण ब्रह्मदेशाच्या मुख्य भातजिल्ह्यांतील सुमारे पाव जमीन चेट्टियार सावकारांच्या हाती गेली, आणि १९३० व १९३८ साली तेथे हिंदी लोकांविरुद्ध दंगे झाले, तेही सांगावे. दंगे वाईटच, परंतु ज्याची जमीन गेली त्या शेतकऱ्याचे मन मुलांना समजू नये असे थोडेच आहे? आपल्याकडे १८७५ साली पुणे-नगर भागात शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या जाळल्या होत्या.

१९३७ साली ब्रह्मदेश हिंदुस्थानापासून कारभारापुरता वेगळा झाला. १९४२ च्या मार्चमध्ये रंगून जपान्यांच्या हाती पडले. लक्षावधी हिंदी माणसे डोंगर तुडवीत पायी परतली, आणि पुष्कळ वाटेतच पडली. तिकडचा तांदूळ बंद झाला. पुढल्या वर्षी बंगालात भीषण दुष्काळ पडला. त्याला सरकारची युद्धनीती, साठेबाजी, आदल्या वर्षीचे वादळ अशी अनेक कारणे होती, पण रंगूनचा बंद झालेला तांदूळ हे त्यांतले एक. शेजाऱ्याच्या घरचे दार लागले तर आपल्या चुलीवर काय परिणाम होतो, हे कोलकात्याने त्या वर्षी पाहिले.

४ जानेवारी १९४८ रोजी ब्रह्मदेश स्वतंत्र झाला. त्यानंतरची वर्षे तेथील जनतेने बहुतेक लष्करी अंमलाखाली काढली आहेत. २०२१ च्या फेब्रुवारीत लष्कराने निवडून आलेले सरकार पुन्हा उलथले. त्यातून उद्भवलेल्या लढाईमुळे हजारो लोक मिझोरामात आश्रयास आले, आणि मिझो कुटुंबांनी त्यांना आपल्या गावांत सामावून घेतले. २०२५ च्या २८ मार्च रोजी मंडालेच्या परिसरात ७.७ तीव्रतेचा भूकंप झाला, तेव्हा भारतातून मदतीची पथके गेली. व्यापाराचा जुना जलमार्गही अधूनमधून जागा होतो : २०२३ च्या मे महिन्यात कोलकात्याच्या बंदरातून सिमेंटची पोती घेऊन एक जहाज सित्वे बंदरात पोचले.

आता त्या मुलीकडे वळू. वडिलांनी तिला मंदिराची खरी हकीकत सांगितली. तिने ती शांतपणे ऐकली आणि मग विचारले, “मग आपण ते परत का नाही देत?” गृहस्थांनी आम्हांस हेही कळविले आहे, त्यांचा पत्राचा सूर काहीसा हताश होता.

या प्रश्नाचे अर्धे उत्तर आमच्यापाशी आहे. मंडालेच्या दरबारातील सिंहासन, सोन्याचा मुलामा दिलेले, लाकडी सिंहांच्या रांगा असलेले, इंग्रजांनी कलकत्त्यास आणून तेथील इंडियन म्युझियममध्ये ठेविले होते. १९४५ च्या लढाईत मंडालेचा राजवाडा जळून खाक झाला, आणि त्यातली इतर सिंहासने नष्ट झाली. हे एक उचलून नेलेले, म्हणून राहिले. ब्रह्मदेश स्वतंत्र होताच १९४८ साली ते त्या देशास परत करण्यात आले. आज ते यांगोनच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. लाकडी मंदिर मात्र एडन उद्यानातच आहे. मुलीला दोन्ही गोष्टी सांगाव्यात, आणि पुढच्या सुटीत तिला थिबाच्या राजवाड्यात नेऊन त्याची समाधीही दाखवावी. २०१२ च्या डिसेंबरात म्यानमारचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन मुद्दाम रत्नागिरीस येऊन त्या समाधीपुढे उभे राहिले होते.