रात्रीची लाईट अन् सकाळचा प्राणायाम

२१ जून जवळ आला की आमच्याकडं प्रेसनोटा सुरू होतात. अमुक कार्यालयात योग दिन उत्साहात साजरा, सोबत सतरंजीवर बसलेल्या साहेबांचा फोटो. छापतो आम्ही. २२ जूनला त्या सतरंज्या कुठं जातात हे कोणी विचारत नाही. त्यामुळं आपल्या भागात या विषयावर दोन टोकाची मतं तयार झालीत. एक, हे सगळे पोट भरलेल्यांचे चोचले आहेत. दोन, रोज सकाळी श्वास घ्या-सोडा, मग ताणबिण काही राहत नाही, रडगाणं बंद करा. जालना जिल्ह्यात वीस वर्षं बातमीदारी केल्यावर माझं मत असंय की दोघंही चुकतात, पण दुसरे जास्त चुकतात. पोस्ट लांब आहे. सवडीनं वाचा.

आधी पहिल्यांशी बोलतो. आपल्या शरीरात मज्जासंस्थेचा एक भाग आपल्याला न विचारता चालतो. ठोके, घाम, पचन, सगळं त्याच्याकडं. त्याच्या दोन बाजू. एक पळायला, भांडायला तयार करते, दुसरी निवांत करते. बँकेची नोटीस आली, पोरीचं लग्न ठरेना, सोयाबीनचा भाव पडला की पहिली बाजू चालू होते. छातीत धडधड, हातापायाला घाम, पोटात गोळा. वाघ समोर आला असता तर हे कामाचं होतं. नोटीस मात्र सहा महिने समोरच असते.

ठोक्यांना "हळू पडा" असा हुकूम देता येत नाही. श्वासाचं तसं नाही. तो आपोआप चालतो, पण मनात आणलं तर हातातही घेता येतो. म्हणजे बैलाचा कासराच म्हणा. श्वास आत घेताना ठोके किंचित वाढतात, सोडताना किंचित कमी होतात. म्हणून सोडायचा श्वास लांबवला की निवांतपणाची बाजू जोर धरते. यात चमत्कार नाही, शरीराची रचनाच तशी आहे.

अन् हे परदेशातून आलेलं खूळ आहे असंही समजू नका. लोणावळ्यात १९२४ साली स्वामी कुवलयानंदांनी कैवल्यधाम काढलं, अन् योगाच्या क्रियांनी शरीरात नेमकं काय होतं हे उपकरणं लावून तपासायला सुरुवात केली. त्याला आता शंभर वर्षं झाली. २००१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये इटलीतल्या डॉक्टरांचा एक अभ्यास आला होता. जपमाळेची लॅटिन प्रार्थना म्हणा नाहीतर मंत्र म्हणा, श्वास मिनिटाला साधारण ६ वर येतो अन् हृदयाची लय सुधारते, असं त्यांना दिसलं. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्डच्या संशोधकांनी महिनाभर रोज ५ मिनिटांचा प्रयोग केला. नाकानं दोनदा आत, मग तोंडानं सावकाश लांब बाहेर, असं करणाऱ्यांचा मूड नुसतं ध्यान करणाऱ्यांपेक्षा जास्त सुधारला.

हे वाचलं तेव्हा मला आपल्या गावातला हरिपाठ आठवला. संध्याकाळी देवळात दहा-पंधरा माणसं, टाळ, एक जण म्हणणार, बाकीचे उचलणार. लांब सुरात म्हणायचं म्हणजे श्वास लांबच सोडावा लागतो. वर माणसं सोबत, वेळ ठरलेली, अन् फोन खिशात. जात्यावर ओव्या म्हणणाऱ्या आपल्या आज्यांचंही तेच. देव मानायचा की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न. मी स्वतः देवळात फारसा जात नाही. पण ती एक तास चालणारी, फुकटची अन् सगळ्यांची सोय होती. तिच्या जागी आपण काय आणलं? मोबाईलवरचे रील.

तर करायचं काय? रात्री अंथरुणावर पडल्यावर चार आकडे मोजत नाकानं श्वास घ्या, सहा-सात मोजत सोडा. पाच मिनिटं. चक्कर आल्यासारखं वाटलं तर थांबा, नेहमीसारखा श्वास घ्या. गुणगुणता येत असेल तर भ्रामरी करा, नाहीतर कुठलंही गाणं गुणगुणा, शरीर चाल विचारत नाही. सकाळी उठल्या उठल्या फोन न बघता दहा मिनिटं उजेडात उभं राहा, झाडाला पाणी घाला, गोठ्यात जा. झोपेची वेळ ठरलेली ठेवा. फोन उशाखाली नको, दुसऱ्या खोलीत चार्जिंगला. सप्टेंबर २०२३ मध्ये अंतरवाली सराटीच्या लाठीमारानंतर आमच्या धंद्यातल्या कित्येकांच्या फोनवर रात्रभर व्हिडिओ येत होते, खरे-खोटे सगळे. बातमीदाराला बघावंच लागतं. पण गावोगावची साधी माणसंही तेच बघत पहाटेपर्यंत जागी होती. आंदोलन कोणाचं, बाजू कोणती, हा वेगळा विषय. पहाटे तीनला व्हिडिओ बघून कोणाचाच प्रश्न सुटत नाही, नसा मात्र ताणल्या जातात.

आता दुसऱ्यांकडं वळतो, ज्यांना वाटतं एवढं केलं की झालं.

वर मी "झोपेची वेळ ठरलेली ठेवा" असं लिहिलं. हे वाक्य घनसावंगीकडच्या एका मोसंबीवाल्या मित्राला ऐकवलं तर तो हसला. म्हणाला, "भाऊ, माझी झोपेची वेळ मी थोडीच ठरवतो, ती लाईट ठरवते." शेतीपंपाला थ्री फेज लाईट पाळीनं येते, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रीच्या आठवड्यात तो थंडीत बॅटरी घेऊन बांधावर. मोटार चालू कर, पाईप बदल, मध्येच फ्यूज उडाला तर डीपीपर्यंत चाल. पायाखाली साप, कुठं रानडुक्कर. पुढच्या आठवड्यात लाईट दिवसा. झोप सरळ होते न होते तोच परत रात्र. कारखान्यातल्या रात्रपाळीला निदान पाळीचा भत्ता असतो. याला कसला?

शहरातही फार वेगळं नाही. नळाला किती दिवसांनी पाणी येईल अन् रात्री किती वाजता येईल, यावर जालन्यातल्या बायकांची झोप ठरते. एमआयडीसीत सळईच्या भट्ट्यांवर पाळ्या बदलतात. २०१३ च्या दुष्काळात ज्यांनी टँकरचं विकतचं पाणी घालून मोसंबी जगवायचा प्रयत्न केला अन् तरी बाग तोडावी लागली, त्यांना विचारा, पाऊस लांबला की आजही छातीत काय होतं. अशा माणसाला श्वासाचा व्यायाम उपयोगी पडतोच, मी नाही म्हणत नाही. पण ज्या गोष्टीनं त्याच्या नसा ताणल्या ती तशीच ठेवायची अन् वर त्यालाच "शांत राहायला शिक" म्हणायचं, ही चलाखी आहे.

म्हणून दिवसा लाईट हा माझ्या मते आरोग्याचाही प्रश्न आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ सालची, २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा आला. हेतू हाच की शेतीला दिवसा वीज मिळावी. हेतू चांगला आहे, त्याबद्दल टीका नाही. पण आपल्या गावाचा फीडर त्यात आलाय का, आला नसेल तर कधी येणार, हा प्रश्न ग्रामसभेत एकानं तरी उठून विचारायला पाहिजे. पुतळ्याच्या जागेवर आपण तीन तास भांडतो.

उपचाराचंही तसंच. राज्यातली चार प्रादेशिक मनोरुग्णालयं ठाणे, येरवडा, नागपूर अन् रत्नागिरीला. मराठवाड्याच्या वाट्याला त्यातलं एकही नाही. जालन्यात ३६५ खाटांचं व्हावं म्हणून २०२२ साली मंत्रिमंडळानं मान्यता दिली, तेव्हा आम्ही मोठ्या मथळ्यानं छापलं. शेतकऱ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी २०१५ साली मराठवाडा-विदर्भातल्या १४ जिल्ह्यांत प्रेरणा प्रकल्प सुरू झाला, त्यात आपला जिल्हा आहे. आशाताईंनी घरोघरी जाऊन कोण खचलंय हे हेरायचं, अशी कल्पना. कल्पना उत्तमच. पण त्याच आशाताईकडं लसीकरण, बाळंतपण, सर्वेक्षण अन् दहा रजिस्टरं आहेत. तिच्या स्वतःच्या झोपेचं कोण बघतं?

एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. दोन आठवडे झोप उडालीय, जेवण जात नाही, माणूस एकटाच बसतोय, "मी नसलो तर बरं" असं बोलतोय, तर त्याला प्राणायाम सांगत बसू नका. त्याला एकटं सोडू नका, दवाखान्यात न्या. टेली-मानस ही सरकारी हेल्पलाईन १४४१६ वर चोवीस तास चालते, फोन फुकट लागतो, मराठीत बोलता येतं. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. गावातल्या दुकानदाराला, सरपंचाला, मास्तरला हा नंबर पाठ पाहिजे. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर पाणीपट्टीच्या थकबाकीदारांची यादी लागते ना, तिच्याच शेजारी खडूनं लिहा: १४४१६. खर्च शून्य.