अश्रूंचा पंचनामा

एखाद्या घरात संशयास्पद मृत्यू घडला की पोलिसांचा पंचनामा पुरा होण्याआधीच शेजारीपाजाऱ्यांचा पंचनामा तयार झालेला असतो. आई धाय मोकलून का रडली नाही, बाप इतक्या शांतपणे कसा बोलला, दहावा उरकण्यापूर्वीच वकिलाची पायरी का चढावी लागली, असे प्रश्न विचारले जातात आणि त्यांची उत्तरेही विचारणाऱ्यांनीच ठरवून टाकलेली असतात. पूर्वी ही कुजबुज आळीपुरती असे. वृत्तपत्रांनी ती गावभर नेली, दूरचित्रवाणीने देशभर नेली आणि आता हातोहाती असलेल्या मोबाईलने तिला कसलीच वेस ठेवलेली नाही. शोक कसा करावा याचा एक अलिखित नियम समाजाने करून ठेवला आहे. तो जो पाळणार नाही, त्याच्यावर खुनाचा संशय घेण्यास आपण मोकळे आहोत, असे मानले जाते.

या समजुतीची केवढी किंमत द्यावी लागते, हे ऑस्ट्रेलियातील चेंबरलेन खटल्याने दाखवून दिले आहे. १७ ऑगस्ट १९८० च्या रात्री उलुरू येथील प्रवाशांच्या तळावरून अझारिया ही जेमतेम नऊ आठवड्यांची बालिका नाहीशी झाली. डिंगो या रानकुत्र्याने तिला तंबूतून पळवले, असे तिची आई लिंडी पहिल्या क्षणापासून सांगत होती. शेजारच्या तंबूतील प्रवाशांनी मूल रडल्याचा आवाज ऐकला होता. माग काढण्यात वाकबगार असलेल्या तेथील आदिवासींनी डिंगोच्या पावलांच्या खुणा पाहिल्या होत्या. १९८१ मध्ये पहिल्या मृत्युचौकशीत अधिकाऱ्याने आईचे म्हणणे मान्य केले आणि अफवांना आळा बसावा म्हणून आपला निष्कर्ष दूरचित्रवाणीवरून सर्वांना ऐकवला.

परंतु अफवा थांबल्या नाहीत. कॅमेऱ्यासमोर ही बाई रडत नाही, एवढ्याने लोकांचे समाधान झाले होते. हे कुटुंब सेव्हन्थ डे ॲडव्हेंटिस्ट या लहानशा पंथाचे होते. तेव्हा ‘अझारिया’ या नावाचा अर्थच ‘रानातील बळी’ असा आहे, अशी निराधार वदंता पसरली. पुन्हा तपास झाला. कुटुंबाच्या मोटारीत बालकाचे रक्त सापडल्याचे तज्ज्ञांनी सांगितले आणि ऑक्टोबर १९८२ मध्ये लिंडीला जन्मठेप झाली. तुरुंगात गेली तेव्हा ती गर्भवती होती. १९८६ च्या फेब्रुवारीत त्या बालिकेचे झबले, जे तिच्या अंगावर होते असे आई वारंवार सांगत आली होती ते, डिंगोंचा वावर असलेल्या जागी सापडले आणि तिची सुटका झाली. ज्याला रक्त म्हटले गेले, त्यातील बराचसा भाग मोटारीच्या कारखान्यात फवारलेल्या आवाजरोधक द्रव्याचा असल्याचे पुढे आढळले. १९८८ मध्ये शिक्षा रद्द झाली. मृत्यूचे कारण डिंगो हेच होते, हा अधिकृत निर्णय मिळण्यास मात्र २०१२ साल उजाडावे लागले. बत्तीस वर्षे ती माता जगाला एकच वाक्य सांगत होती!

हे दूरदेशी घडले म्हणून आपण निश्चिंत राहण्याचे कारण नाही. मे २००८ मध्ये नोएडा येथे एका तेरा वर्षांच्या मुलीची तिच्या घरातच हत्या झाली. भेटीस आलेले लोक आणि वार्ताहर यांची त्या घरात रीघ लागली. गच्चीचे कुलूप मात्र त्या दिवशी उघडले गेले नाही. घरातील नोकराचा मृतदेह तेथे दुसऱ्या दिवशी सापडला. एका वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्याने तर पत्रकारांसमोर त्या मृत मुलीच्याच चारित्र्यावर शिंतोडे उडवले. आईवडिलांच्या चेहऱ्यावरील प्रत्येक रेषेचा अर्थ देशभर लावला जात होता, तेव्हा हाती असलेला पुरावा पायदळी तुडवला गेला होता. २०१३ मध्ये आईवडिलांना जन्मठेप झाली. २०१७ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडले.

यावर एक आक्षेप घेतला जाईल आणि तो वाजवी आहे. घरात झालेल्या खुनांत गुन्हेगार घरातलाच असतो, असे अनेकदा आढळते. स्टोव्हच्या भडक्याने सून भाजली, ही कहाणी निमूटपणे ऐकून घेणाऱ्या शेजाऱ्यांनी किती सुनांचे मारेकरी पाठीशी घातले असतील! स्त्रीसंघटनांनी आवाज उठवला म्हणूनच १९८३ आणि १९८६ मध्ये फौजदारी कायद्यात दुरुस्त्या झाल्या. घराच्या चार भिंतींआड काय घडले याचा खुलासा कायदाही घरच्यांकडे मागतो. तेव्हा कुटुंबावर संशयच घेऊ नये, असे कोणी म्हणणार नाही. परंतु कायदा मागतो तो खुलासा, अश्रू नव्हेत. ऐकलेली किंकाळी, पाहिलेली मारहाण, माहेरी आलेले पत्र हे पुरावे आहेत आणि ते पोलिसांपर्यंत नेणे हे शेजाऱ्यांचे कर्तव्यच आहे. विधवेच्या अंगावरची साडी किंवा पित्याचे कोरडे डोळे हा पुरावा नव्हे.

पुण्यातील एका विवाहितेच्या मृत्यूच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये परिस्थितिजन्य पुराव्याचे ‘पंचशील’ सांगितले, ते येथे स्मरण्याजोगे आहे. ज्या परिस्थितीवरून निष्कर्ष काढायचा, ती स्वतः पूर्णपणे सिद्ध झाली पाहिजे. ‘असे असू शकेल’ आणि ‘असे असलेच पाहिजे’ यांत फार मोठे अंतर आहे. लोकापवाद नेमका हेच अंतर एका उडीत ओलांडतो. मुंबई उच्च न्यायालयाने १८ जानेवारी २०२१ रोजी एका अभिनेत्याच्या मृत्यूनंतरच्या वार्तांकनासंबंधी निकाल देताना, प्रसारमाध्यमांनी चालवलेल्या खटल्यामुळे न्यायदानात अडथळा येतो, असे स्पष्ट बजावले. तो निकाल मुख्यतः वृत्तवाहिन्यांना उद्देशून होता, म्हणून छापील वृत्तपत्रांनी हात झटकून मोकळे होऊ नये. या पापात आमच्या व्यवसायाचाही वाटा आहे.

पोलिसांनी पहिल्या दिवशी घटनास्थळ बंदिस्त करावे, तपास चालू असताना तर्क बोलून दाखवू नयेत आणि वृत्तपत्रांनी ते छापू नयेत, एवढे पथ्य तरी पाळले गेले पाहिजे. उरलेले काम वाचकांचे आहे. दुःखाने कोणी आक्रोश करतो, कोणी दगडासारखा होतो, कोणी कामात बुडून जातो. हे आपल्यापैकी प्रत्येकाने आपल्याच घरातील मृत्यूच्या वेळी पाहिलेले असते. तेवढी आठवण जरी ठेवली, तरी शेजारच्या घरातील कोरड्या डोळ्यांचा अर्थ लावण्याची घाई आपण करणार नाही.