कान साठीचे, खिसा कुणाचा?

जाहिरातीच्या धंद्यात एक समज इतका मुरलेला आहे की त्याचा पुरावा मागायचे कुणाला सुचत नाही. माणूस साठीपार गेला की तो श्रोता म्हणून उरतो, पण गिऱ्हाईक म्हणून संपतो, असा तो समज. त्याच्या बाजूने जे बोलले जाते ते आधी नीट मांडले पाहिजे, कारण त्यात अगदीच तथ्य नाही असे नाही. निवृत्तीनंतर मिळकत घटते आणि माणूस हात आखडता घेतो. दंतमंजनापासून चहापत्तीपर्यंतच्या त्याच्या आवडी ठरून गेलेल्या असतात, म्हणजे त्याला नवे काही विकणे महागात पडते. शिवाय तो आकाशवाणी लावणारा, त्यामुळे खासगी एफएमने त्याच्यासाठी वेगळे काही करायचे कारण नाही. हा युक्तिवाद वरवर पाहता चिरेबंदी वाटतो. ठाणे ते कल्याण-डोंबिवली या पट्ट्यात तो लावून पाहिला की मात्र एकेक चिरा हलू लागतो.

पहिला प्रश्न संख्येचा. २०११ च्या जनगणनेत ठाणे महापालिकेची लोकसंख्या १८ लाख ४१ हजारांवर होती आणि कल्याण-डोंबिवलीची १२ लाख ४७ हजारांवर. त्या वेळी महाराष्ट्रात साठीपुढच्यांचे प्रमाण जवळपास १० टक्के होते. नोकरीसाठी आलेल्या तरुणांमुळे शहरांत ते थोडे कमी धरले, तरी या दोन शहरांत मिळून अडीच-तीन लाख माणसे होतात. हा हिशेबही जुना आहे. २०२१ ची जनगणना झालीच नाही आणि २०११ मध्ये जे सत्तेचाळीस वर्षांचे होते ते आता साठीपलीकडे गेले आहेत. माध्यमांच्या मोजणीची स्थिती याहून बरी नाही. देशभरच्या वाचक-सर्वेक्षणाची शेवटची फेरी २०१९ ची. रेडिओची मोजणी २००७ पासून मुंबईसारख्या मोजक्या महानगरांत, श्रोत्याने हाताने भरायच्या डायरीवर चालली. ती पद्धत अपुरी आहे हे दूरसंचार नियामकानेच २०१६ च्या शिफारशींत मांडले. इतक्या तुटपुंज्या मापावर एखादा वयोगट निकालात काढणे याला बाजाराचा अभ्यास म्हणता येत नाही.

संख्या मान्य केली तरी पैशाचा मुद्दा उरतो, आणि माझ्या मते खरी चूक तिथेच होते. २०११ पासून सर्वेक्षणांत घराची पत ठरवण्यासाठी दोनच गोष्टी विचारल्या जात आल्या: घरातल्या मुख्य कमावत्या माणसाचे शिक्षण किती, आणि ठरावीक अकरा वस्तूंपैकी घरात किती आहेत. डोंबिवलीतल्या एखाद्या नेहमीच्या घराला हे माप लावून पाहा. फ्लॅट वडिलांच्या नावावर, कर्ज कधीच फिटलेले. वडिलांना रेल्वेची किंवा बँकेची पेन्शन. मुलगा ऐरोलीला किंवा अंधेरीला नोकरीला आणि त्याच्या पगारातून त्याच्याच गाडीचा हप्ता जातो. सर्वेक्षणात मुख्य कमावता म्हणून मुलगा नोंदला जातो आणि वडील त्याच्यावर अवलंबून असलेल्यांत जमा होतात. ज्याच्या छपराखाली घर चालते त्याचा खिसाच हिशेबातून गळतो. मग 'ज्येष्ठांकडे पैसा नाही' असा निष्कर्ष निघतो, तो मोजणाऱ्याने आधीच लिहून ठेवल्यासारखा.

आता त्या खिशात काय आहे ते पाहू. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेची मर्यादा एप्रिल २०२३ पासून १५ लाखांवरून ३० लाख झाली आणि व्याजाचा दर ८.२ टक्के झाला. पूर्ण रक्कम गुंतवणाऱ्याला दर तिमाहीला ६१,५०० रुपये व्याज मिळते. नवरा-बायको दोघांनी गुंतवली तर वर्षाला पाच लाखांना थोडे कमी. स्टेट बँकेच्या संशोधन विभागाने २०२४ मध्ये देशातल्या ज्येष्ठांच्या मुदत ठेवी सुमारे ३४ लाख कोटी रुपये असल्याचा अंदाज दिला. आपल्या पट्ट्याला तर ठेवीदारांचीच परंपरा आहे. डोंबिवली नागरी सहकारी बँक १९७० ची, ठाणे जनता १९७२ ची, कल्याण जनता १९७३ ची. मध्यमवर्गीय नोकरदारांनी महिन्याला थोडे थोडे बाजूला टाकून वाढवलेल्या या बँका. ते नोकरदार आता सत्तरी-ऐंशीत आहेत आणि त्यांच्या पावत्यांचे नूतनीकरण अजून चालू आहे.

यावर एक सबळ आक्षेप येईल आणि तो टाळता येणार नाही. संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या निधीने २०२३ मध्ये भारतातल्या वार्धक्यावर अहवाल काढला. त्यानुसार चाळीस टक्क्यांहून अधिक ज्येष्ठ सर्वांत गरीब पंचमांशात मोडतात आणि जवळपास एकोणीस टक्क्यांना काहीच उत्पन्न नाही. कल्याण पूर्वेच्या चाळींत श्रावणबाळ योजनेच्या महिना दीड हजारावर दिवस काढणारी माणसेही याच पट्ट्यातली. बायकांचे तर आणखी अवघड. घरखर्च आयुष्यभर त्यांच्या हातून झाला, पण घर आणि पावत्या नवऱ्याच्या नावावर. दुपारचा रेडिओ ज्यांच्या स्वयंपाकघरात चालू असतो त्यांतल्या अनेकींकडे स्वतःचे म्हणावे असे खाते नाही. हे सगळे खरे. पण 'सगळे ज्येष्ठ श्रीमंत आहेत' असा दावा मी करत नाही. तरुणांतही बेकार आहेत, महिना पंधरा हजारांवर राबणारे आहेत. म्हणून कुणी 'तरुणांकडे पैसा नसतो' असे म्हणून त्यांच्या जाहिराती बंद करत नाही. त्यांच्यात गट पाडले जातात. ज्येष्ठांत गट पाडायचा कंटाळा का? नौपाड्यातला निवृत्त बँक अधिकारी आणि कोळसेवाडीतली पेन्शन नसलेली विधवा यांना 'साठ प्लस' या एकाच कप्प्यात कोंबले की सरासरी निघते ती दोघांपैकी कुणाचीच नसते.

राहिला सवयीचा मुद्दा. म्हातारा माणूस ब्रँड बदलत नाही म्हणे. नौपाडा, चरई, डोंबिवलीचा विष्णूनगर, रामनगर इथल्या जुन्या इमारती पाडून जे टॉवर उभे राहत आहेत, त्यांत परत राहायला येणारे मूळ सभासद बहुतेक याच वयाचे. पासष्टीत माणूस नव्या घराला पडद्यांपासून फ्रीजपर्यंत सगळे नव्याने घेतो, न्हाणीघरात धरायला दांडा बसवून घेतो. पुनर्विकासाइतका ब्रँड बदलायला लावणारा प्रसंग तरुणांच्या आयुष्यात लग्न सोडले तर क्वचित येतो. स्टेशन बदलण्याचेही तसेच. ब्रिटनमध्ये केन ब्रूस हा निवेदक २०२३ मध्ये बीबीसी रेडिओ टू सोडून एका खासगी वाहिनीवर गेला, आणि वर्षानुवर्षे एकच स्टेशन लावणारे प्रौढ श्रोते मोठ्या संख्येने त्याच्यामागे गेले. तिथेच २०२१ मध्ये केवळ साठीच्या आसपासच्या पिढीसाठी बूम रेडिओ निघाला. आपल्याकडे 'कारवां'चे उदाहरण आहे. सारेगामाने २०१७ मध्ये जुन्या ट्रान्झिस्टरच्या तोंडवळ्याचे, पाच हजार गाणी भरलेले हे यंत्र सहा हजारांच्या आसपास विकायला काढले आणि ते लाखांनी खपले. त्यातली बरीच यंत्रे मुलांनी आईवडिलांसाठी घेतली, हे मान्य. पण त्यातून उलटेच सिद्ध होते. म्हाताऱ्या माणसाची आवड चाळिशीतल्या मुलाचे पाकीटही उघडते. मुलाला मोजून वडिलांना वगळणाऱ्या जाहिरातदाराने खरेदीचे कारणच वगळले.

औषधपाण्यातच सगळे जाते, असाही एक शेरा ऐकू येतो. जाते, पण तो पैसा जातो कुठे? रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत, चष्म्याच्या आणि श्रवणयंत्राच्या दुकानात, मोतीबिंदू नि गुडघ्याच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या रुग्णालयांत. या सगळ्यांचे धंदे गोखले रोडपासून फडके रोडपर्यंत गल्लोगल्ली आहेत आणि त्यांना गिऱ्हाईक हवेच असते. गडकरी रंगायतन, आचार्य अत्रे रंगमंदिर, सावित्रीबाई फुले नाट्यगृह इथले नाटकाचे प्रयोग, ज्येष्ठांसाठी खास काढलेल्या सहली, नातवंडांच्या मुंजी-लग्नाचे सोने ही यादी वाढवता येईल. खरी अडचण वेगळीच आहे आणि तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. ठाणे-कल्याणला एफएम येते ते मुंबईचे, आणि दहा सेकंदांचा भाव लागतो तोही मुंबईचा. डोंबिवलीच्या चष्मेवाल्याने कुलाब्याच्या कानांचे पैसे का मोजावेत? केंद्राने ऑगस्ट २०२४ मध्ये २३४ नव्या शहरांतल्या ७३० वाहिन्यांच्या लिलावाला मंजुरी दिली. मुंबईच्या छायेतल्या शहरांचा प्रश्न त्याने सुटत नाही. दुपारी दोन ते पाचचा पडेल वेळ, जेव्हा ऑफिसला जाणारा श्रोता नसतोच, तो ठाणे-कल्याणच्या आठ-दहा दुकानदारांना मिळून विकायची योजना खासगी वाहिन्यांना किंवा विविध भारतीला करता येण्यासारखी आहे. १ नोव्हेंबर १९६७ ला विविध भारतीवर जाहिराती सुरू झाल्या, तेव्हा आजचे सत्तरीतले श्रोते शाळेत होते. रेडिओवरची जाहिरात कानांत बसलेली अशी पिढी पुन्हा मिळणार नाही.

शेवटचा आक्षेप नैतिक आहे: म्हाताऱ्यांच्या कानांत जाहिराती ओतल्या तर भोंदू औषधे आणि फसव्या ठेवयोजनाच शिरतील. भीती रास्त आहे. पण खासगी एफएमलाही आकाशवाणीची जाहिरातसंहिता बंधनकारक आहे, आणि जादूटोण्याच्या औषधांविरुद्धचा कायदा १९५४ पासून आहे. अंमल ढिला असेल तर तो कडक करावा. प्रतिष्ठित जाहिरातदार दूर राहिल्याने या वयाचे रक्षण होत नाही, हे डोंबिवली-ठाण्याने २०१९ मध्ये पाहिले आहे. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये, ऐन दिवाळीत, एका सराफी पेढीने भिशी आणि ठेवींचे पैसे घेऊन दुकानांना कुलपे लावली, आणि तक्रार नोंदवायला पोलीस ठाण्यासमोर ठेवीदारांची रीघ लागली. आयुष्यभराची पुंजी तिथे ठेवलेल्यांत निवृत्तही होते. ज्या खिशात काहीच नाही असे जाहिरातीचे तज्ज्ञ सांगत होते, त्याच खिशाचा अंदाज त्या पेढीला अचूक होता.