प्रश्न कृपेचा नव्हे, नियमाचा

गेल्या काही वर्षांत कलाविषयक शिष्यवृत्त्या, लेखन-शिबिरे आणि नाट्यप्रशिक्षणाच्या जाहिरातींच्या तळाशी एक ओळ वारंवार दिसू लागली आहे: 'दिव्यांग उमेदवारांचे स्वागत आहे.' ओळ चांगली आहे. परंतु ती वाचून एखादा अंध लेखक अर्ज मागवतो, तेव्हा त्याला मिळतो तो छायाचित्र म्हणून पाठवलेला नमुना. संगणकाच्या वाचकप्रणालीला त्यातले एक अक्षरही वाचता येत नाही. व्हीलचेअरवरून मुलाखतीला आलेल्या चित्रकर्तीला दाराशीच कळते, की समिती दुसऱ्या मजल्यावर बसली आहे. शिबिरासाठी निवड झालेल्या कर्णबधिर तरुणाला पहिल्या दिवशी सांगितले जाते, की सांकेतिक भाषेच्या दुभाष्याची तरतूद नाही. स्वागत तोंडी आणि नकार लेखी, असा हा प्रकार आहे.

आमचे म्हणणे थोडक्यात असे: अपंग कलावंताला योजनेबाहेर ठेवणारी गोष्ट म्हणजे त्याचे अपंगत्व नव्हे, तर त्या योजनेचे नियम होत. हे नियम माणसांनीच लिहिलेले असतात. तेव्हा ते माणसांनाच बदलता येतात.

हे आम्ही अधिकाराने लिहितो, कारण असे नियम आम्हीही लिहिले आहेत. सरकारी सेवेत असताना एका सांस्कृतिक योजनेच्या अर्जांची छाननी काही काळ आमच्याकडे होती. 'अर्ज उमेदवाराने स्वहस्ताक्षरात भरावा' अशी अट त्या नमुन्यावर होती. एका अंध तरुणीने गायनाच्या शिष्यवृत्तीसाठी केलेला अर्ज तिच्या धाकट्या भावाच्या अक्षरात होता आणि तसे तिने प्रामाणिकपणे नमूद केले होते. 'अर्ज नियमानुसार नाही, सबब निकाली' हा शेरा आमच्याच लेखणीने पडला. तिचे गाणे कोणी ऐकलेच नाही. त्या अटीचा गाण्याशी संबंध काय, हा प्रश्न त्या वेळी आम्हाला पडला नाही, याची खंत निवृत्तीनंतरही जात नाही.

कायदा तेव्हा अगदीच नव्हता असे नाही. 1995 चा होता. 2016 च्या दिव्यांगजन हक्क कायद्याने तर संदिग्धता ठेवलेलीच नाही. त्याचे एकोणतिसावे कलम सांस्कृतिक जीवनाविषयी आहे. अपंग कलावंत व लेखकांना सुविधा, साहाय्य व प्रायोजकत्व द्यावे, कला त्यांच्या आवाक्यात आणावी, कलाविषयांचे अभ्यासक्रम त्यांना सहभागी होता येईल असे नव्याने आखावेत, हे सारे तेथे शासनाचे कर्तव्य म्हणून सांगितले आहे. याच कायद्यातील 'सार्वजनिक इमारत' या संज्ञेत जनतेच्या वापरातील खाजगी इमारती आणि सांस्कृतिक कार्यासाठी वापरली जाणारी सभागृहेही येतात. जुन्या इमारती सुगम करण्यासाठी नियम प्रसिद्ध झाल्यापासून पाच वर्षांची मुदत होती. नियम जून 2017 मध्ये आले. मुदत 2022 मध्ये संपली. पुढे नोव्हेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, सुगम्यतेचे निकष केवळ मार्गदर्शक ठेवून चालणार नाहीत, ते बंधनकारक हवेत, असे बजावले. या काळात सरकारी कागदांतला 'अपंग' हा शब्द जाऊन 'दिव्यांग' आला. शब्द बदलला, पायऱ्या मात्र तेवढ्याच राहिल्या.

या विषयावर तीन आक्षेप नेहमी ऐकू येतात. पहिला, 'आमच्याकडे असे कोणी येतच नाही.' 2011 च्या जनगणनेत देशात 2 कोटी 68 लाख अपंग व्यक्तींची नोंद झाली. त्यांतले कोणीच लिहीत, गात, रंगवीत नसेल, हे संभवत नाही. ज्या घराला जिनाच आहे आणि उतार नाही, तेथे व्हीलचेअर येत नाही, यात नवल ते काय?

दुसरा आक्षेप खर्चाचा. अर्ज वाचनीय स्वरूपात देणे, लेखनिक घेऊ देणे, ध्वनिमुद्रित निवेदन स्वीकारणे, मुलाखत तळमजल्यावर घेणे, यांना खर्च जवळजवळ नाहीच. दुभाष्या, सोबती किंवा खास वाहन यांना पैसा लागतो, हे खरे. पण तो कलावंताच्या अनुदानातून कापायचा नसतो. इंग्लंडच्या आर्ट्स कौन्सिलच्या प्रकल्प-अनुदानांत अर्जदाराच्या अशा वैयक्तिक गरजांचा खर्च अनुदानाच्या कमाल मर्यादेत धरला जात नाही. अर्ज भरण्यासाठी लागणाऱ्या मदतीचाही विचार होतो. आपल्या अंदाजपत्रकात हार-नारळ आणि अल्पोपाहार यांना स्वतंत्र शीर्ष असते. मग या खर्चालाच ते का नसावे?

तिसरा आक्षेप अधिक सभ्य आणि म्हणून अधिक घातक: 'गुणवत्तेशी तडजोड होईल.' येथे आम्ही बडोदेकरांनी तरी जपून बोलावे. बिनोदबिहारी मुखर्जी यांची दृष्टी 1950 च्या दशकात शस्त्रक्रियेनंतर पूर्ण गेली. त्यानंतरही ते शांतिनिकेतनात शिकवीत राहिले, कागद कापून चित्रे रचीत राहिले आणि 1972 मध्ये त्यांनी कलाभवनाच्या भिंतीवर फरशांचे भित्तिचित्र उभे केले. त्यांचेच शिष्य के. जी. सुब्रमण्यन यांनी आपल्या महाराजा सयाजीराव विश्वविद्यालयात चित्रकारांच्या पिढ्या घडवल्या. हातांना सुचले ते हातांनी केले. मात्र साहाय्यक, साहित्य आणि जागा उपलब्ध होती, म्हणून करता आले. सवलत दिली ती साधनांत, कसोटीत नव्हे.

आता आपल्या घराकडे वळू. आमच्या संस्थेच्या कथास्पर्धेत 'कथा स्वहस्ताक्षरात असावी' ही अट आजही आहे. विदर्भातील प्रज्ञाचक्षू गुलाबराव महाराज (1881-1915) तान्हेपणीच अंध झाले आणि त्यांनी शंभरावर ग्रंथ शिष्यांकडून लिहवून घेतले. आपल्या नियमाने त्यांची प्रवेशिका बाद ठरली असती. सभागृह पहिल्या मजल्यावर आहे. आपल्या जुन्या कुटुंबांतील कितीतरी ज्येष्ठ सभासद गुडघ्यांमुळे येईनासे झाले, ऐकू येत नाही म्हणून मागच्या रांगेतून उठून गेले. त्यांना आपण 'अलीकडे दिसत नाहीत' एवढेच म्हणतो. हा प्रश्न परक्यांचा नाही.

ही पत्रिकाही अपवाद नाही. तिची अक्षरजुळणी अजून जुन्या फॉन्टमध्ये होते. त्यात देवनागरी केवळ दिसते. संगणकाच्या लेखी ती रोमन अक्षरेच असतात आणि वाचकप्रणाली ती निरर्थक गडबड म्हणून उच्चारते. युनिकोडात जुळणी केली, तर हाच मजकूर अंध वाचकाला ऐकता येईल. 2012 च्या दुरुस्तीनंतर स्वामित्वहक्काचा कायदाही आड येत नाही. अंध वाचकांसाठीच्या माराकेश कराराला 2014 मध्ये मान्यता देणारा पहिला देश भारत होता. पहिल्या देशातील पत्रिका शेवटी राहू नये.

सयाजीराव महाराजांनी 1910 नंतर बडोदे संस्थानात फिरत्या ग्रंथपेट्या गावोगाव पाठवल्या. वाचक ग्रंथालयापर्यंत पोचू शकत नसेल, तर ग्रंथालयाने निघावे, हा त्यामागचा विचार होता. त्या वारशाचा उल्लेख आपण प्रत्येक भाषणात करतो.

म्हणून येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेत आम्ही पुढील ठराव मांडणार आहोत. 'स्वहस्ताक्षरात' ही अट रद्द व्हावी. प्रत्येक अर्जात 'आपणांस कोणती सोय आवश्यक आहे?' हा प्रश्न असावा आणि उत्तराचा निवडीशी संबंध नसावा. स्पर्धा, शिबिरे, व्याख्याने तळमजल्याच्या खोलीत व्हावीत; तिचे जोते दीड फूट आहे, एकास बारा या प्रमाणाने अठरा फुटांचा उतार अंगणात सहज बसतो. पत्रिका युनिकोडात जुळवावी. अंदाजपत्रकात सुगम्यतेचे स्वतंत्र शीर्ष असावे. आणि हे सारे ठरवणाऱ्या समितीत किमान दोन अपंग सभासद असावेत, कारण पायरी कोठे अडते हे अडणाऱ्यालाच कळते.

विरोध करणाऱ्यांनी सभेत अवश्य करावा. मात्र तो करताना, ज्या अर्जावर आम्ही शेरा मारला त्या तरुणीला काय उत्तर द्यावे, तेही सांगावे. आम्हाला ते अद्याप सापडलेले नाही.